आत्याची भट्टी

गावात माझ्याबद्दल काय बोलतात ते मला ठाऊक आहे. लोसालीन म्हातारी हावरट, बिनबापाच्या पोरीची भट्टी घशात घालून बसली. बोलू देत. तोंडं त्यांची आहेत, त्यांना हात लावायला मी कुठे जाऊ?

लुसेआने माझ्या थोरल्या भावाची, सेमीसीची मुलगी. सेमीसी गेला आणि त्याची जमीन धाकट्या विलिसोनीच्या नावावर चढली. आमच्यात जमीन पुरुषाकडेच जाते. पोरीकडे उरले दोन हात, पण काय हात! तिने मळलेल्या पिठाचा पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहायचा. रविवारी संध्याकाळी सगळं गाव गरम पावासाठी शहरात, नेइआफूला पळायचं, ते बघून तिने गावातच भट्टी घालायचं मनावर घेतलं. बँकेत गेली. बँकेतल्या माणसाने विचारलं, जमीन कुणाच्या नावावर? संपलं तिथेच. शेवटी पेलेनाइसेने तिला आपल्या बायकांच्या कर्जाच्या गटात घेतलं. तिथे जमीन विचारत नाहीत, बायकाच एकमेकींना जामीन राहतात. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, आणि चुकतच राहिला तर वस्तू गटाने उचलायची.

भट्टी आली, पत्र्याची शेड उभी राहिली, खिडकीसमोर रांग लागली. गिऱ्हाइकं कमी नव्हती हो, नातेवाईक जास्त होते. नातेवाइकाला नाही म्हणायची आमच्याकडे रीतच नाही. नाही म्हटलं की तोंड दाखवायला जागा राहत नाही. आधी विलिसोनी काखेत पाव मारून जायला लागला. मग त्याच्या बायकोचे भाऊ, मग त्या भावांचे शेजारी. सगळे म्हणायचे, नंतर देतो. ते नंतर अजून यायचंय. पोरीने एकदा धीर करून ‘उधार बंद’ अशी पाटी लावली. विलिसोनीने ती मोठ्याने वाचली, अक्षर छान आहे म्हणाला आणि दोन पावांबरोबर पाटीही घेऊन गेला. त्याच्या कोंबड्यांच्या खुराड्याला दार नव्हतं.

हप्ते चुकायला लागले. पेलेनाइसे येऊन गेली. भली बाई, पण तिच्या डोक्यावर बाकीच्या बायका. तिने सरळ सांगितलं, आता पुढचा चुकला तर भट्टी न्यावी लागेल. आणि भट्टी गेली की लुसेआनेला आईच्या माहेरी, राजधानीत नुकुअलोफाला जाऊन हॉटेलातल्या चादरी धुवाव्या लागणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच रविवारी विलिसोनी चर्चमध्ये उभा राहिला. चर्चचं वर्षाचं मोठं संमेलन यंदा आमच्या गावात होतं. त्याने छाती काढून जाहीर केलं की पाहुण्यांचा सगळा पाव आमच्या घराण्याकडून, आमची लुसेआने देईल. लोक खूश झाले. पोर माझ्या पुढच्याच बाकावर होती. तिने मान वर केलीच नाही. हप्त्याला बाजूला ठेवलेले पैसे आता पिठात जाणार, हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं.

माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! पण करणार काय? पोरीला देऊ नकोस म्हटलं तरी काकाला नकार देणं तिला बापजन्मात जमलं नसतं. आणि आमच्यात भाऊबहीण समोरासमोर भांडत नाहीत. मी घरात शिरले की विलिसोनी मागच्या दाराने उठून जातो, तो त्याचा मान आणि माझाही. माझ्याकडे एकच गोष्ट होती. मी बापाची बहीण. भावाच्या मुलांकडे मी काहीही मागावं आणि त्यांनी ते द्यावं, असा आमच्याकडे आत्याचा हक्क आहे. सेमीसीच्या मयताला त्याच्या उशाशी मीच बसले होते आणि आहेरात आलेल्या चटयांतली सगळ्यात भारी चटई माझ्याच घरी आली होती. माझ्यावर बोलणारं घराण्यात कुणी नाही.

संध्याकाळी मी आईची जुनी विणलेली चटई कमरेला गुंडाळली, आमच्याकडे तोच मानाचा पोशाख. ती मी लग्नामयतालाच नेसते. रांगेतल्या लोकांनी मला तशी येताना पाहिलं आणि वाट करून दिली. विलिसोनी खिडकीपाशी होता, तो मागे सरकला आणि त्याने टोपी काढली. मी शेडमध्ये जाऊन खाली बसले.

“लुसेआने,” मी म्हटलं, “मला ही भट्टी हवी आहे. पीठ, साचे, शेड, सगळं हवं आहे.”

पोरीच्या हातात गरम साचा होता. तो तिने फडक्यावर ठेवला.

“तुमचंच आहे, आत्या.”

बाहेर कुणीतरी चुकचुकलं. मलाही बरं वाटत नव्हतं. तिच्या लहानपणी मी तिच्या केसांतल्या उवा काढल्यात, आणि ती माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तशी बघत होती. पण तिथे समजावत बसले असते तर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

विलिसोनीने मला थेट विचारलं नाही, शेजारच्याला पुढे केलं. संमेलनाच्या पावाचं काय, त्याने विचारलं. मी म्हटलं, भट्टी माझी, पाव माझा. ज्याने शब्द दिलाय त्याने अर्धे पैसे आधी आणून ठेवावेत. बहिणीकडे फुकट मागायची भावाची छाती नव्हती. त्याने डुक्कर विकलं. चांगलं पोसलेलं होतं, मलाही हळहळ वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुसेआने माझ्या दारात आली. डोळे सुजलेले. भट्टी न्यायला माणसं कधी पाठवताय, एवढंच विचारलं.

“माझ्या घरात तिला जागा आहे का?” मी म्हटलं. “असू दे तिथेच. तूच चालव, तूच कमव, हप्ते तूच भर. कुणी फुकट मागितलं तर सांगायचं, माझं काही नाही, आत्याचं आहे. आत्याला विचारा.”

ती उंबऱ्यावरच बसली. मग म्हणाली, “लोक तुम्हाला नावं ठेवतील.”

“ठेवू देत. आणि तू मला चांगलं म्हणत बसू नकोस. तू बरं बोलायला लागलीस की हे सगळं उघडं पडेल.”

तेवढं तिने पाळलं. लोकांनी नावं ठेवली, पाण्याच्या टाकीपाशी बायका मला बघून गप्प व्हायला लागल्या. मला लागायचं ते, खोटं कशाला सांगू. पण मला विचारायला एकही जण आला नाही, आणि पाव रोखीनेच विकले जायला लागले. पेलेनाइसेने सगळं ऐकताक्षणीच ओळखलं. तिने मला फक्त एकदा विचारलं की तिच्या गटातल्या आणखी पोरींना अशा खमक्या आत्या कुठे मिळतील.

कर्ज फिटलं त्या रविवारी मी मुद्दाम पाव आणायला गेले. रांग मोठी होती. मी नेहमीच्या हक्काने खिडकीशी गेले, एक पाव उचलला आणि टोपलीत टाकला. पैसे घरीच राहिले होते.

“आत्या,” लुसेआने म्हणाली, “पैसे?”

माझे कान तापले. ज्या पोरीच्या तोंडून काकासमोर कधी नाही निघालं नव्हतं, ती मला, मला विचारत होती!

“अगं, भट्टी माझी आहे.”

“म्हणूनच,” ती म्हणाली. “आत्याच्या भट्टीत उधार नाही.”

तिने पाटी मागे वळून दाखवली नाही, पाटी नव्हतीच. नुसता हात पुढे केला. हात पिठाने पांढरा, जरासुद्धा हलत नव्हता. मी पाव परत ठेवायला लागले, तेवढ्यात मागून एक हात आला आणि खिडकीत नाणी ठेवून गेला. मी वळले तेव्हा विलिसोनी टोपी हातात धरून भलतीकडेच बघत होता.

पाव घेऊन मी घरी आले. मध्ये जरा कच्चा होता. ते मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं.