मागच्या दारानं आलेली गाय

मला कुणी शहाणपण शिकवू नका. शेजारच्या गावात लाळ्या-खुरकूत आल्याचं कळलं त्याच दिवशी मी गोठ्याच्या दारात औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवलं. बूट बुडवल्याशिवाय आत पाऊल नाही, मग तो दूधवाला असो की सख्खी नणंद. सगळे हसले. मोठे भाऊजी तर म्हणाले, "आंघोळ करून येऊ का?" म्हटलं, "आलात तर बरंच होईल!"

तपासणीला डॉक्टर आले. एकेका गाईचं तोंड उघडून जीभ पाहिली, खूर पाहिले, फाटकावर खडूनं खूण केली. म्हणाले, "सगळे असे वागले तर रोगाची काय बिशाद!" मी मेली फुलून गेले. पेटी उचलून त्यांना भाऊजींच्या गोठ्यावर मीच घेऊन गेले. तिथंही सगळं ठीक निघालं. एक दावं तेवढं रिकामं होतं.

"विकली ती," भाऊजी म्हणाले.

आठवड्यात माझ्या गाईंच्या तोंडाला फेस आला. आज सकाळी कालवड दूध पिता पिता कोसळली. काल माझी बोटं चोखत होती हो!

"आला कुठून हा रोग?" मी आमच्या ह्यांच्यावर ओरडले. हे मान खाली घालून उभे.

"दादाची गाय लाळ गाळत होती. आपली तपासणी झालीच होती, तू डॉक्टरांबरोबर गेलीस, म्हणून मागच्या दारानं घटकाभर इथं बांधली. सख्खा भाऊ आहे, नाही कसं म्हणू?"

तळपायाची आग मस्तकात गेली. "रोगाला सख्खं-चुलत कळतं होय?"

तेवढ्यात पलीकडे टेम्पो सुरू झाला. भाऊजी तीच गाय बाजाराला नेत होते. बाजारात, साऱ्या मुलखाच्या जनावरांत! मी फोन उचलला. ह्यांनी माझा हात धरला.

"अगं, घरातली गोष्ट घरात राहू दे. आपलाही गोठा बंद करतील."

"रोग राहिला का घरात?" मी हात झटकला.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमचं दूधही बंद होईल. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. गोठ्याला कुलूप लावा, दूध मातीत ओतते मी. पण आधी तो टेम्पो अडवा!"