डाव्या हाताची खुर्ची

माझ्या नवऱ्याला, सिक्स्टनला, चारचौघांत बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. आमच्याकडे रीतच आहे, जेवण आटोपलं की यजमानीणबाईंच्या डाव्या हाताला बसलेला पाहुणा उठतो आणि सगळ्यांच्या वतीनं आभार मानतो. ती खुर्ची सिक्स्टनच्या वाट्याला एकदाच आली, त्याच्या थोरल्या बहिणीच्या, हेडविगच्या घरी. उभा राहिला, लालबुंद झाला आणि तसाच अंगणात निघून गेला. तेव्हापासून हेडविग त्याला टेबलाच्या पार टोकाला, चुलीजवळ बसवायची.

यंदा डॉक्टरांनी हेडविगच्या आजारापुढे हात टेकले आणि हा पठ्ठ्या गुपचूप वाचनालयातल्या भाषणवर्गाला जायला लागला. आई गेल्यावर हेडविगनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. एकदा तरी तिचे आभार मानायचे होते त्याला, तिच्याच टेबलावर, सगळ्यांसमोर. "तिला कळू द्यायचं नाही हं," मला बजावलं. मग काय, अख्खा उन्हाळा माझ्यावर प्रयोग. बटाटे सोलताना मी हेडविग, कपडे वाळत घालताना मी हेडविग.

"माझ्याकडे बघून बोल. छताला काय चिकटलंय?"

"मध्ये बोलू नकोस गं. घाई करायची नाही, असं वर्गातल्या बाईंनी सांगितलंय."

शेवटी शेवटी तो इतकं मनापासून बोलायला लागला, की माझ्या हातातली सुरी थांबायची.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी हेडविगनं दुपारी जेवायला बोलावलं. तिच्या हातचं हे शेवटचंच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सिक्स्टननं स्वतः कोटाला इस्त्री केली. आत जाऊन बघतो तर टेबलावर नावांच्या चिठ्ठ्या मांडलेल्या. तिच्या डाव्या हाताला शेजारचा एवर्ट, आणि सिक्स्टन चुलीजवळ.

मी चिठ्ठ्या बदलायला हात पुढे केला, तो सिक्स्टननं धरला.

"राहू दे. तिनं लावल्यात."

जेवण झाल्यावर एवर्ट उठला. मांस किती मऊ शिजलंय आणि यंदा रस्ते किती खराब झालेत, यावर बोलला. मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

निघताना हेडविग काठी टेकत दारापर्यंत आली. तिनं सिक्स्टनची कॉलर नीट केली.

"तुला लांब बसवलं बघ. एवर्टला मी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हटलं, आज तरी माझ्या पोरानं निवांत जेवावं."

आता बोल, मी मनात म्हणत होते, अरे, आता तरी बोल. त्यानं तिच्याकडे बघितलं, वर्गात शिकवलं होतं तसं, सरळ डोळ्यांत. जराही घाई केली नाही.

"बरं केलंस," तो म्हणाला. "नाहीतर घास उतरला नसता घशाखाली."

हेडविग किती समाधानानं हसली.

गाडीत बसल्यावर त्यानं किल्ली फिरवलीच नाही. समोर बघत सगळं भाषण म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदाही अडखळला नाही. मला रडू आवरेना. खिडकीत हेडविग उभी होती. गाडी का सुरू होत नाही ते तिला कळत नव्हतं, आणि ती हातानं खुणावत होती, जा आता, जा.