अकरा वाजताचं काळं चित्र

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत तिला सगळे राऊटरबाई म्हणत. वायफायच्या डब्याला काय होतंय ते ती दिव्यांच्या मिचमिचण्यावरून ओळखायची, आणि आपल्याला ते कळतं याचा तिला जरा जास्तच तोरा होता.

त्या सकाळी राऊटर बनवणाऱ्यांचा निरोप आला. डब्याच्या आतल्या प्रोग्रामला भोक पडलं होतं. कुठल्याही आगंतुकानं त्यातून शिरावं, घरातला कॅमेरा उघडावा आणि बघत बसावं. भोक बुजवणारं अपडेट सोबतच आलं होतं आणि दहापर्यंत चार हजार घरांतल्या राऊटरांनी ते आपोआप घेतलं. पडद्यावर एकच ठिपका लाल राहिला.

"हे कोणाचं घर?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या आईचं," ती म्हणाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आई वर्षभर अंथरुणाला खिळून होती, भावाकडे. कामावरून तिला बघता यावं म्हणून राऊटरबाईनंच पलंगासमोर कॅमेरा लावला होता. पण चार महिन्यांपूर्वी रोज अकरा वाजले की चित्र काळंठिक्कर पडू लागलं. अर्ध्या तासानं परत यायचं. तेव्हाच्या अपडेटनं घोळ घातला असणार, असं बाईंनी परस्पर ठरवलं. त्यांनी जुना प्रोग्राम परत चढवला, आपोआप अपडेट बंद केलं, आणि कोणी गडबड करू नये म्हणून ऑफिसातून हात घालायची सोयही बंद केली. तरी अकराचा काळोख काही गेला नाही. आपलं चुकलं असेल हे मात्र बाईंच्या मनाला शिवलं नाही.

तिनं वहिनीला फोन लावला. "वहिनी, राऊटरचा प्लग काढ. आत्ताच्या आत्ता."

"कोण बोलताय तुम्ही?"

"अगं, मी! नंबर बघ ना!"

"नंबर खोटा दाखवता येतो आणि आवाजाचीही नक्कल करतात. आमच्या ताईंनीच बजावलंय, फोनवर कोणी काही सांगितलं तरी डब्याला हात लावायचा नाही. ठेवा फोन. आईंचं अंग पुसायचंय मला अकराला."

फोन कट. परत लावला तर उचलेचना. भावाचा मोबाइल कामाच्या वेळात लॉकरमध्ये. राऊटरबाईनं कपाळावर हात मारून घेतला. शिकवलं होतं तेही तिनंच, आणि इतकं पक्कं! आणि अंग पुसायचं म्हणजे... चित्र काळं पडतं ते आपल्या फोनवर. भोकातून डोकावणाऱ्याला काय दिसत असेल, कोण जाणे.

भावाच्या घराकडे जाणारी बस रखडत निघाली. प्रत्येक सिग्नल तिच्यावर सूड उगवल्यासारखा लाल होत होता. लिफ्ट बंद. चार मजले ती धापा टाकत चढली, वाटेत राऊटर बनवणाऱ्याला, लिफ्टवाल्याला आणि स्वतःला शिव्या घालत. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

वहिनीनं दार उघडताच ती आत घुसली, राऊटरचा प्लग उपटला आणि आईच्या खोलीत गेली.

बादलीत कोमट पाणी. आईच्या अंगावर चादर. आणि कॅमेऱ्यावर निळा टॉवेल, नीट घडी घालून टाकलेला.

"हा कधीपासून टाकता?" तिनं विचारलं.

"चार महिने झाले की," वहिनी म्हणाली. "रोज अकराला. आईंनीच सांगितलं."

राऊटरबाई स्टुलावर बसली. घोळ अपडेटमध्ये नव्हताच. या टॉवेलपायी तिनं आपल्या हातानं भोक उघडं ठेवलं होतं.

"मला सांगायचं ना, आई! अगं, कोणीही परकं बघू शकलं असतं तुला!"

आईचे शब्द हल्ली सावकाश यायचे. "परक्यांचं मला काय माहीत? टॉवेल तुझ्यासाठी होता."

राऊटरबाईला रडू फुटलं. "मग नको म्हणायचं होतंस."

"तू विचारलंस कधी?"

बादलीतलं पाणी निवत चाललं होतं. शेवटी ती उठली, स्टुलावर चढली आणि स्क्रू काढून कॅमेरा पर्समध्ये टाकला. मग बाहेर जाऊन राऊटरचा प्लग लावला, अपडेट चढवलं. ऑफिसातून साहेबांचा फोन आला, ठिपका हिरवा झाला म्हणून.

ती पुन्हा आईच्या दाराशी आली. दार नुसतं लोटलेलं होतं.

"आई," तिनं बाहेरूनच विचारलं, "आत येऊ?"