लाभ, दोन, तीन

लाभ

एसटीच्या टपावर, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून, दोरीनं करकचून बांधलेला कागदांचा गठ्ठा.

“सगळ्यांचे प्रोग्रॅम चालतात. तुमचाच कसा चालत नाही?”

बारा विहिरी. एक गोड. एक इतकी खारी, की तहानलेला बैलही तोंड लावून मागं सरतो.

१११७.

काठाला पोचा आलेली पितळी पायली.

हे सगळं एकाच बाईचं, आणि १९७४च्या डिसेंबरातल्या एकाच आठवड्यातलं. एका पोत्याचं तोंड बांधलं जाईना, म्हणून ते एकत्र आलं.

दोन

बाई म्हणजे पुष्पा, वडनेर भोलजीच्या किसनरावांची थोरली. गणितात पहिली आली आणि मुंबईच्या एका संस्थेत लागली. तिथं खोलीभर पसरलेलं एक यंत्र होतं, आणि त्या यंत्रासाठी नवा कंपाइलर घडत होता. कंपाइलर म्हणजे दुभाषाच. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम वाचायचा आणि यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत उतरवून द्यायचा.

पुष्पाचा पहिला खराखुरा प्रोग्रॅम घरच्या मुलखाचा होता. नांदुरा आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या बारा विहिरी, प्रत्येकीच्या पाण्यातला क्षार, आणि सगळ्यांची सरासरी. हातानं ती १२१० येत होती. यंत्र म्हणत होतं १११७. दहा वेळा चालवलं, दहा वेळा १११७.

“चूक कंपाइलरची आहे,” ती साहेबांना म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. कंपाइलर त्यांचा होता. “सगळ्यांचे प्रोग्रॅम चालतात. तुमचाच कसा चालत नाही? येत्या सोमवारपर्यंत चूक दाखवा. नाहीतर एक तारखेपासून पंचिंगच्या खोलीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमच्या कार्डांना भोकं पाडत बसा.” वर मशीनवरचा तिचा वेळही काढून घेतला.

मशीन नाही तर नाही. दुभाष्यानं तिच्या प्रोग्रॅमचं जे भाषांतर केलं होतं, त्याची ओळ न् ओळ कागदावर छापलेली होती. तो गठ्ठा घेऊन ती रजेवर घरी आली, ओसरीवर कागद पसरले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर दगड ठेवला आणि मांडी ठोकून बसली.

“मुंबईत जागा नाही काय वं कागद वाचाले?” किसनरावांनी विचारलं.

“जागा हाय, बाबा. तेच मले बसू देऊन नाही राह्यले.”

“मंग बस इथंच. पन त्यातला एक गोटा मले दे. खुटा ठोकाचा हाय.”

तीन

तिला एवढं कळलं होतं.

बेरजेचं काम तिनं वेगळं लिहिलं होतं, प्रोसिजर म्हणून. गरज पडली की तिला नावानं हाक मारायची आणि आकडे तिच्या हाती द्यायचे. तेच काम प्रोसिजरविना, मुख्य प्रोग्रॅममध्ये लिहिलं की उत्तर बरोबर. हाक मारून दिलं की १११७. एकटा सुटा आकडा दिला तर काही बिघडत नव्हतं. ॲरे दिला, म्हणजे एका नावाखाली ओळीनं मांडलेले आकडे दिले, की बिघडायचं.

तेही दर वेळी नाही, आणि इथंच घोडं पेंड खात होतं. कचेरीतल्या नमुन्याच्या कार्डांवरून तिनं मशीन हाताशी असताना लहानमोठे ॲरे देऊन पाहिले होते. तीन आकड्यांचा, बारांचा, पन्नासांचा. सगळे बिनचूक. चुकायचा तो फक्त विहिरींचा. चार दिवस ती त्या बारा विहिरींत उतरत होती आणि कोरडीच वर येत होती.

शुक्रवार उजाडला. शनिवारी दुपारी नांदुऱ्याहून रेल्वे धरायची होती.

चार

मेहकरला दिलेली आत्या, गोजरबाई, त्या सकाळी सासरी निघायच्या तयारीत होती. तिच्यासोबत द्यायला वीस पायल्या ज्वारी मोजायची होती. पुष्पाची आई मनकर्णाबाई राशीशी बसली. धान्य मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.

“लाभ... दोन... तीन...”

सात म्हणून झालं, तोच चुलीवरचं दूध करपल्याचा वास आला. “बाई, धरा जरा,” म्हणत मनकर्णाबाईनं पायली नणंदेच्या हातात कोंबली आणि आत पळाली. परत आली तेव्हा गोजरबाई म्हणत होती, “तेरा.” मनकर्णाबाईनं पायली घेतली, चौदापासून वीसपर्यंत मोजलं आणि हात झटकले.

किसनराव सुतळी घेऊन बसले. पोत्याचे काठ काही जुळेनात.

“वीस पायल्याचं पोतं, अन् तोंड काऊन बंद होऊन नाही राह्यलं?”

“तुमचा हात थकला,” मनकर्णाबाई म्हणाली.

“हात नाही थकला. पोतं गाभण हाय.”

गोजरबाईनं पदर तोंडाला लावला. ते मनकर्णाबाईनं हेरलं. “बाई, खरं सांगा. तुमी कुठून मोजलं?”

“लाभापासून. हात बदलला का लाभ. आमच्या मेहकराकडं असंच हाय.”

“अवो, मी सातावर सोडलं होतं!”

“मंग सांगाचं ना, वहिनी. रास देल्ली, पायली देल्ली. कुठून मोजाचं, हे कुठं देल्लं?”

“अन् मी चौदा म्हनलं तवा तुमाले कळलं नाही?”

“कळलं की. पन पोतं माह्यं होतं.”

किसनराव हसता हसता सुतळीवरच बसले. ओसरीवरून पुष्पा उठून आली. ती हसत नव्हती.

“आत्या, परत म्हन.”

“काय? पोतं माह्यं होतं?”

“त्याच्या आंधीचं.”

“रास देल्ली, पन कुठून मोजाचं हे नाही देल्लं. काऊन वं पोरी, तुही आई चुकली तर मी काय करू?”

पाच

पुष्पाच्या विहिरी शून्यापासून सुरू होत होत्या. वडनेरची घरची विहीर शून्य, आणि पुढं एक ते अकरा. तिला ती खोडच होती. कचेरीत बाकी सगळे एकपासून मोजायचे. नमुन्याची कार्डंही एकपासून. त्या कार्डांवरून लिहिलेल्या तिच्या सगळ्या चाचण्याही मग एकपासूनच.

पण अटकळ म्हणजे पुरावा नव्हे. तिनं हाक मारण्याच्या ओळीचं भाषांतर शोधलं आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत वाचलं. कंपाइलर प्रोसिजरच्या हाती एकच गोष्ट देत होता: पहिला आकडा यंत्राच्या स्मृतीतल्या कोणत्या घरात आहे, तेवढी. मोजणी कुठून सुरू होते, ते देतच नव्हता. आत बसलेली प्रोसिजर आपल्या रीतीनं दर वेळी मागितलेल्या क्रमांकातून ‘वजा एक’ करून पहिल्या घरापासून तेवढी घरं पुढं जात होती. तिच्या लेखी सगळं जग एकपासून सुरू होत होतं.

म्हणजे शून्याची विहीर मागितली की प्रोसिजर पहिल्या घराच्या मागच्या घरात हात घालणार. त्या घरात काय होतं? पुष्पानं तीन दगड उचलले, तीन पानं उलटली. ॲरेच्या अगदी आधी तिनं साल लिहिलं होतं. १९७४.

वडनेरच्या गोड विहिरीच्या जागी यंत्रानं १९७४ हे साल क्षार म्हणून घेतलं होतं. मग प्रत्येक विहीर एकेक घर पुढं सरकली, आणि शेवटची, नदीकाठची, ३०९० क्षाराची, पोत्याबाहेर सांडली.

पुष्पानं पाठकोरा कागद घेतला. बरोबर उत्तर तिला केव्हापासून येत होतं. आता तिनं चुकीचं उत्तर हातानं काढायला घेतलं. बारा विहिरींची बेरीज १४,५२०. त्यातले ३०९० गेले. १९७४ आले. १३,४०४. भागिले बारा.

१११७.

पुन्हा भागलं. १११७.

“जमलं काय वं?” किसनरावांनी अंगणातून विचारलं.

“जमलं, बाबा. आता सगळे गोटे घेऊन जा.”

पोत्यातून सात पायल्या काढायची गोष्ट निघाली तेव्हा तिनं आईचा हात धरला. “राहू दे, आई. आत्यानं कमावल्या त्या.”

सहा

सोमवारी साहेबांच्या टेबलावर एकच कागद होता. साहेबांनी तो वाचला. पेन्सिल ‘वजा एक’वर येऊन थांबली.

“शून्यापासून कोण मोजतं?”

“हवं तिथून मोजता येतं, असं आपल्याच नियमपुस्तिकेत आहे, सर. पान चौदा.”

साहेबांनी पान चौदा काढलं नाही. फोन उचलला आणि दुपारी तीन ते चार मशीन तिच्या नावावर लावलं. तिनं तीन छोटे प्रोग्रॅम आणले होते. एकाची मोजणी शून्यापासून, दुसऱ्याची पाचपासून, तिसऱ्याची उणे तीनपासून. प्रत्येकाचं चुकीचं उत्तर काय येईल, ते तिनं आधीच कागदावर लिहून साहेबांच्या हाती दिलं. साहेब यंत्राशेजारी उभे राहिले. तिन्ही उत्तरं चुकली, आणि तिन्ही तिनं लिहिली होती तशीच चुकली.

एक तारखेला पुष्पा पंचिंगच्या खोलीत गेली नाही. ॲरे प्रोसिजरच्या हाती देण्याचा कंपाइलरमधला भाग नव्यानं लिहायला तिच्याकडे आला.

एक

शाळेत नाव घातलं त्या दिवशी पुष्पाला आईच्या पायलीवरून ऐकून ऐकून शंभरपर्यंत मोजता येत होतं. ‘एक’ तिला गुरुजींनी शिकवला.