चिखल्याचे शेवटचे शब्द

पहिली कमेंट अशी होती: 'चिखल्या मरताना जे बोलतो ना, हसून हसून पोट दुखलं भाई.' तिच्याखाली साठेक जणांनी हसून रडणारे चेहरे चिकटवले होते. एकाने लिहिलं होतं, 'मी तर मुद्दाम परत परत मारतो त्याला, फक्त त्या डायलॉगसाठी.'

चिखल्या म्हणजे 'मिठाचा किल्ला' या गेममधला दलदलीत राहणारा राक्षस. राक्षस तरी कसला, अंगभर चिखल फासलेलं, लंगोटी नेसलेलं एक ध्यान. तीन घावांत मरतो आणि मरताना पडद्यावर त्याचे शब्द उमटतात: 'तू हो पुढं. मी चूल इझवून येतो.'

हे वाक्य माझ्या आईचं आहे. माझा बा गेला तेव्हा त्याच्या कानाशी वाकून ती हे बोलली होती. खोपटाच्या दारात मी उभा होतो, बारा वर्षांचा. ती रडली नव्हती. शेजारणीला उद्या येते म्हणावं तसं ती त्याला म्हणाली होती, "तू हो पुढं. मी चूल इझवून येते."

ते वाक्य मी गेम मराठीत करताना त्यातल्या राणीला दिलं होतं. आईला विचारून दिलं होतं. आणि येत्या शुक्रवारी राणी तिचे शब्द कशी बोलते ते मी तिला दाखवणार होतो. तिने पाड्यावर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मी भिवंडीजवळ राहनाळच्या एका गोदामात रिटर्नच्या टेबलावर असतो. लोकांनी परत पाठवलेला माल उघडायचा, तपासायचा, बरा की भंगार ते ठरवायचं. पलीकडच्या खुर्चीवर शैलेश. धामणकर नाक्याला राहणारा, कॉलेज अर्धवट सोडलेला, पण कुठलंही यंत्र उघडून परत जोडणारा. आमची दोस्ती हातात धरून गेम खेळायच्या एका फुटक्या कन्सोलमुळे झाली. सुपरवायझरने तो भंगारात टाकला, शैलेशने त्याला विचारून उचलला, स्क्रीन बदलली आणि त्यात जुने गेम भरले. रोल-प्लेइंग गेम. म्हणजे ज्यात आपण एखादं माणूस व्हायचं, गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं, लढायचं, आणि चाळीस-पन्नास तास त्याच्याच आयुष्यात राहायचं.

ज्या मालिकांचे पंधरा-पंधरा भाग निघतात त्या आम्हाला नको होत्या. त्या सगळं जग खेळतं. आम्हाला आवडायचे ते कुणी नाव न घेतलेले, बंद पडलेल्या कंपन्यांचे. एकात हिरो म्हातारा आहे आणि प्रत्येक लेव्हलला त्याची ताकद वाढायच्या ऐवजी कमी होते. एकात तलवारच नाही, तुम्ही डोंगरातले पोस्टमन. एकात राक्षसाशी लढायचं नाही, घासाघीस करायची. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एका खोक्याच्या झाकणावर लाडक्या दहांची यादी केली आणि टेबलाच्या वर चिकटवली. चौथ्या नंबरवरून आठवडाभर भांडलो. पहिल्या नंबरवरून भांडण झालंच नाही. तिथे 'मिठाचा किल्ला' होता, दोघांच्याही अक्षरात.

या गेमने मला इंग्रजी शिकवलं, शाळेने नाही. डिक्शनरी मांडीवर घेऊन खेळलोय मी तो. म्हणून एक दिवस मी शैलेशला म्हणालो, "हे मराठीत असतं तर?" तो म्हणाला, "करू की. फाईल मी उघडतो, शब्द तू टाक."

दोन वर्षं गेली त्यात. आमची सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारी भिवंडीतले कापडाचे लूम बंद असतात. एरवी शैलेशच्या घरी बोलायचं तर ओरडावं लागतं, खालच्या मजल्यावर बारा लूम धडधडत असतात. शुक्रवारी मात्र पंख्याचाही आवाज ऐकू यायचा. मी वहीत लिहायचो, तो टाईप करायचा, त्याची आई चहा करून द्यायची. मी सुखात होतो. आज हे लिहिताना राग येतो, पण होतो खरा.

एक गोष्ट मी लपवणार नाही, कारण ती पुढे माझ्याच अंगावर आली. पहिल्या आठवड्यात अक्षरं पडद्यावर नीट उमटतात का ते बघायला काहीतरी लिहायला हवं होतं. मूळ गेममध्ये चिखल्या नुसता गुरगुरतो. मी त्याच्या तोंडी आमच्या पाड्याची बोली टाकली. 'ए, कुठं चाललास रं? मला पन ने.' शैलेश खुर्चीवरून पडेपर्यंत हसला. मीही हसलो. गोदामात मी ती बोली कधी तोंडातून काढली नव्हती, नव्या कपड्याला डाग लागू देऊ नये तसं जपायचो. पहिल्यांदा बाहेर काढली ती दोस्ताला हसवायला. घरी जाताना टेम्पोत मला स्वतःचीच लाज वाटली. पुढच्या शुक्रवारी मी ते खोडलं आणि चिखल्याला नुसतं 'घुर्रर्र' ठेवलं.

आणि बोली दिली राणीला. का देऊ नये? राणी मिठागरात वाढलेली, लहानपणी डोक्यावरून मीठ वाहिलेली बाई. ती काय भाषणं ठोकत बोलेल? शेवटी किल्ला जळत असतो, हिरो तिला चल म्हणतो, ती मागे थांबते. इंग्रजीत तिचं वाक्य अगदी साधं आहे: तू पुढे जा, मी येते. ते वाचलं आणि मला खोपटाचं दार दिसलं.

आईचं नाव धाकली. ती मजुरीला जाते, आणि पावसाळ्यात आमचा भाताचा तुकडा बघते. मी तिला विचारलं तेव्हा ती नाचणी निवडत होती.

"माजं बोलनं? कोन बोलनार हाय ते?"

"रानी."

"रानीला चूल असते व्हय?"

"ह्या रानीला हाय."

ती सुपातले खडे वेचत राहिली. मला वाटलं, ती नाही म्हणणार. मग म्हणाली, "घाल मंग. तुज्या बाला पन बरं वाटंल. रानीच्या तोंडात." आणि हसली. बा गेल्यापासून त्याचं नाव काढून ती हसली ती तेव्हाच.

गेम शैलेशने गेल्या सोमवारी इंटरनेटवर सोडला. शेवटची तपासणी त्यानेच केली होती, कारण माझी दोन आठवडे डबल ड्युटी चालू होती. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर कमेंटी उघडल्या आणि घास हातातच राहिला. मग त्या आठवड्यात माझ्याकडे असलेल्या कन्सोलवर गेम उतरवून राणीचा प्रसंग काढून बघितला. राणी म्हणत होती: 'हे वीरा, तू अग्रेसर हो. माझे कर्तव्य पूर्ण करून मी तुझ्या मागोमाग येईन.' श्रेयनामावलीत लिहिलं होतं, 'मराठी रूपांतर: शैलेश.' आणि त्याखाली माझं नाव, 'विनोदी संवाद: दर्शन.'

शैलेश डबा खात होता. मी कन्सोल त्याच्यापुढे धरला.

"हे कुणी केलं?"

"अरे हां, ते." त्याने घास गिळला. "यार, मी दोनचार जणांना दाखवलं होतं आधी. सगळे राणीवर हसायला लागले. एवढा सीरियस सीन, किल्ला जळतोय, आणि राणी चुलीचं बोलते. सीनची वाटच लागली भाई."

"ती मिठागरातली आहे."

"पण राणी आहे ना! राणी असं बोलते का?"

"मग चिखल्याला कशाला दिलंस?"

"वाया कशाला घालवायचं? मस्त लाईन होती. चिखल्याच्या तोंडी एकदम फिट बसली. बघ ना लोकांना किती आवडलंय." तो खरोखर खूश होता, हे सगळ्यात वाईट. त्याला वाटत होतं तो माझं कौतुक करतोय.

मी सांगितलं ते वाक्य कुणाचं आहे, कधीचं आहे. त्याचा चेहरा उतरला. क्षणभर मला वाटलं, आता हा माफी मागेल. पण माणसाला लाज वाटली की तो आधी सुटायची वाट शोधतो.

"मला काय माहीत? तू बोलला नाहीस कधी. आणि चिखल्याला तुमची बोली पहिली कुणी दिली? तूच ना? त्या दिवशी तर तूच हसत होतास."

ते खरं होतं. आजही आहे. अंगाची नुसती लाही झाली. मी म्हणालो, "बदल. आजच बदल."

"आता कसं बदलू? लोकांनी उतरवून घेतलाय. पुढच्या व्हर्जनला बघू. चिखल्याचं काढून टाकतो, बस? पण राणीचं नको रे. ते खरंच हास्यास्पद होतं."

हास्यास्पद. दोन वर्षं माझ्यासोबत मांडीला मांडी लावून बसलेला माणूस हे बोलला, आणि डब्यातली उरलेली चपाती त्याने माझ्यापुढे केली, रोजच्यासारखी. मी ती घेतली नाही. भिंतीवरचं यादीचं झाकण ओढून काढलं, चार तुकडे केले आणि भंगाराच्या पिंपात टाकलं. सुपरवायझर ओरडला की पिंपात फक्त स्कॅन केलेला माल टाकायचा.

शुक्रवारी दुपारी मी पाड्यावर घरी पोचलो तेव्हा आईने अंगण सारवून ठेवलं होतं. शेजारची हौसा आजी भिंतीला टेकून बसली होती. आईने धुतलेलं लुगडं नेसलं होतं. गेम बघायला.

बसमध्ये मी ठरवलं होतं, कन्सोल बिघडला म्हणायचं. पण ते लुगडं बघून धीर झाला नाही. मग दुसरी युक्ती सुचली, आणि सुचली याचीच चीड आली. आईला वाचता येत नाही. हौसा आजीलाही नाही.

मी दोघींच्या मध्ये बसलो आणि राणीचा प्रसंग लावला. किल्ला जळत होता. राणी पायऱ्यांवर उभी होती, लाल लुगड्यासारखं काहीतरी नेसलेली. पडद्याच्या तळाशी चौकट आली, तीन ओळी भरून 'हे वीरा' आणि 'अग्रेसर'. मी मोठ्याने वाचलं, "तू हो पुढं. मी चूल इझवून येते."

आईने पडद्यावरच्या राणीला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं, डाग पडेल म्हणून.

"ऐकलास का हौसे?"

"ऐकलं गो."

"येवडं लिवलंय," आई म्हणाली, "आन् वाचलास येवडंच?"

"रान्यांचं लिवनं लांब असतं, आये."

तिला ते पटलं. मी बटण दाबून मशीन बंद करायला गेलो, तर तिने माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे की. रानी आली का त्याच्या मागून, बघू दे." मी म्हणालो, पुढे काही नाही. ती म्हणाली, "हाय. तो पोर चाललाय की."

हिरो भुयारातून बाहेर पडला आणि दलदलीत आला. या वाटेला दुसरा रस्ता नाही, हे मला पाठ होतं. मी त्याला कडेकडेने नेलं. तरी चिखलातून तो वर आलाच, लंगोटी, काठी, बटबटीत डोळे. मी 'पळ काढा' दाबलं. जमलं नाही. परत दाबलं. त्याने हिरोला काठी हाणली. हौसा आजी म्हणाली, "मार की त्याला, बघतोस काय!" हिरोचा जीव थोडाच उरला होता. मेला असता तर पुन्हा किल्ला, पुन्हा राणी, पुन्हा ते वाचणं आलं असतं. मी मारलं. एक घाव, दोन, तीन.

तो गुडघ्यावर बसला. चौकट आली. एकच ओळ होती. 'तू हो पुढं. मी चूल इझवून येतो.'

आई पुढे वाकून बघत होती.

"त्यो काय बोलला रं मरताना?"

माझा अंगठा बटणावर होता. आईचे डोळे त्या ओळीवर होते, तिच्याच शब्दांवर, आणि तिला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं. मला शैलेशचं नरडं धरावंसं वाटलं, आणि त्याच हाताने माझं.

"काय न्हाय," मी म्हणालो. "त्याला बोलता येत न्हाय."

मी बटण दाबलं. चौकट गेली. चिखल्या चिखलात विरघळला.

आई मागे सरून भिंतीला टेकली. "मंग बरं," ती म्हणाली. "बोलनाऱ्या मानसाला असं मारू न्हये."