उंबऱ्याबाहेरचे बूट

मार्गशीर्षाचं कोवळं, केशरवर्णी ऊन शाळूच्या रानावरून घरंगळत गावात आलं आणि तालमीच्या भिंतीशी थबकलं. थबकणारच! कालपर्यंत नव्हतं असं एक आभाळ तिथं उगवलं होतं.

जांभळं, धगधगतं, ज्वालागर्भ आभाळ. त्यात एक रणगाडा मेघमंथर तरंगत होता, आणि त्याच्या तोफेला सुगरणींनी खोपे टांगले होते. खाली ढगांत दारंच दारं. भिंती नाहीत, छपरं नाहीत. नुसती उघडी दारं. दारादारापुढे फौजी बुटांचे जोड. रिकामे.

हे हेमांगीनं रातोरात रंगवलं होतं. मामाच्या जुन्या कॅसेटमधलं, लढाईला तोंडावर नको म्हणणारं एक इंग्रजी गाणं ती पुन्हा पुन्हा लावायची. गिटार किंचाळायची आणि हिचा कुंचला धावायचा. शब्द निम्मेच कळले होते. संताप मात्र सगळा कळला होता.

पण गाव फौजींचं, घरटी एक माणूस सीमेवर. निवृत्त सुभेदार बाजीनाना चुन्याची बादली घेऊनच आले.

"रिकामं बूट म्हंजी मेलेली मान्सं. असलं अभद्र आमच्या गावात नगं, पोरी."

हेमांगी भिंतीपुढून तसूभरही हलली नाही. "नाना, सुट्टीवर आलात की बूट कुठं काढायचात?"

"उंबऱ्याभाईर. आई पायांवर पानी घालायची, भाकरतुकडा ववाळून टाकायची. मंग आत."

"मग बघा की नीट. ही माणसं मेली नाहीत. घरात गेलीत. सगळीच्या सगळी."

नाना बघत राहिले. चुना त्यांच्या कुंचल्यावरून ठिबकत राहिला. त्यांचा एकुलता लेक सर्जेराव बर्फातून तिरंग्यात आला होता. त्याच्या पायांवर पाणी घालायचं राहूनच गेलं होतं. ते राहिलेलं पाणी आता नानांच्या डोळ्यांत आलं.

"आमच्या सर्जाचं बूट कुठलं?" हा आवाज सुभेदाराचा नव्हता, बापाचा होता.

एका उजळ दारापुढे हेमांगीनं काळ्या रंगानं एक जोड काढला, नाड्या सैल सोडलेला.

नानांनी मूठ वळली, चुन्यात बुडवली, आणि घरात गौरीची पावलं उमटवतात तशी भिंतीवर उमटवली. वर बोटांनी पाच ठिपके. एक पाऊल, मग दुसरं, बुटांपासून दाराकडे.

मुठीची पावलं लहानच उमटतात. त्या ओल्या, शुभ्र, इवल्या पावलांनी, उन्हानं भरलेल्या दारातून, सर्जेराव घरात गेला.