योजना येण्याआधीचे लाभार्थी

मूल होऊ नये यासाठी सरकारने काही कमी केलेलं नाही. मोताळा तालुक्यात शिबिर लागलं की गाडी बाईला घरून घेऊन जाते, ऑपरेशन करून घरी आणून सोडते, आणि काळजी घ्या म्हणून सांगते. मूल व्हावं अशी ज्यांची इच्छा असेल त्यांच्यासाठी एस.टी. आहे.

हा फरक संजीवनीच्या लक्षात आला तो अकोल्याहून परत येताना. टेस्ट ट्यूबचा पहिला प्रयत्न फसला होता आणि त्यात तिचं सोनं गेलं होतं. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "वर्षभरात दुसऱ्यांदा केलं तर आशा आहे. त्यानंतर मी तुम्हाला आशा दाखवली तर ती खोटी असेल." दुसऱ्या खेपेला विकायला घरात नवरा आणि सासू एवढंच उरलं होतं.

संजीवनी बी.ए. झालेली. नागरिकशास्त्र तिने मनापासून वाचलं होतं, आणि त्याचे परिणाम माणसाला कधी ना कधी भोगावेच लागतात. तिने ठरवलं की ग्रामसभेत ठराव मांडायचा : हा उपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळावा, अशी गावाची मागणी. एका गावाने केली की दुसरं गाव करेल, मग तालुका करेल.

"साऱ्या गावापुढं सांगशीन?" गोविंदाने विचारलं.

"गावाले काय माहीत नाई? बारशाले मले बोलावत नाई, ते काय पत्ता चुकते म्हणून?"

गोविंदा गप्प बसला. तो चांगला नवरा होता, म्हणजे गप्प बसायचा.

सरपंच पंजाबराव यांनी हरकत घेतली नाही. ग्रामसेवकाने गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषयपत्रिका टाकली. पाणीपट्टी, गटारी, स्मशानशेड वगैरे पाच, आणि सहावा विषय : अपत्यप्राप्ती उपचारासाठी शासकीय मदत.

आता गावाचा अनुभव असा की ग्रामसभेत 'शासकीय मदत' हे शब्द आले म्हणजे मदत तालुक्यापर्यंत येऊन ठेपलेली असते, फक्त नावं द्यायची असतात. नाव आधी देतो त्याला विहीर मिळते. ठरावाचा मजकूर ऐकत बसतो त्याला ठराव मिळतो. त्यामुळे एरवी माणसांअभावी तहकूब होणारी सभा त्या दिवशी पंचायतीसमोरच्या मंडपात मावेना. सोयाबीन सोंगायचं सोडून लोक आले होते. इतकी गर्दी पाहून संजीवनीचे डोळे भरून आले. गाव आपल्या मागे उभं आहे, असं तिला वाटलं. तसं ते होतं, पण रांगेत.

ती माइकवर चांगलं बोलली. शिबिराची गाडी आणि एस.टी. यांचं सांगितलं तेव्हा बायका हसल्याही. "मूल होत नाई हा बी आजारच हाये," ती म्हणाली. "आजाराले सरकारी दवाखाना असते, मंग याले काऊन नाई?"

टाळ्या पडल्या. पंजाबरावांनी माइक घेतला आणि वीस वर्षांच्या सवयीने विचारलं, "हं, लाभार्थी कोन कोन?"

"मामाजी, अजून योजनाच नाई," संजीवनी म्हणाली. "मागायची हाये."

"मागू ना बाई. पन नावं तयार पाह्यजेत. मागच्या टायमाले शेळ्या आल्या अन् नावं तयार नोती, तर शेळ्या धामनगावाले गेल्या."

शेळ्यांची आठवण गावाला अजून टोचत होती. त्यानंतर कोणी थांबायला तयार नव्हतं. मंजुळाबाई उठल्या आणि त्यांनी सुनेचं नाव खणखणीत आवाजात सांगितलं, "जयमाला! पयला नंबर लावा!" जयमाला गेली सहा वर्षं, 'आमचं सध्या प्लॅनिंग हाये,' असं साऱ्यांना सांगत आली होती. मंडपातल्या माना तिच्याकडे वळल्या. तिने पदर पुढे ओढला.

मग नावं येतच राहिली. म्हातारे रंगराव म्हणाले, "आमच्या पोराले दोन पोरीच हायेत, त्याचंही घ्या."

"आबा, हे मूल नसनाऱ्याइसाठी हाये," मागून कोणीतरी म्हणालं.

"पोरगा नाईच ना बे त्याले!"

यावर वाद झाला. वाद वाढला तशी पात्रतेची अट आली, आणि अट म्हटली की पंजाबरावांना नियम आठवतात. पिवळं रेशनकार्ड आधी. एका घरात एकच लाभ.

"संजीवनी गोविंदा," ग्रामसेवक म्हणाले. "यांच्या सासूबाईंना घरकुल मिळालेलं आहे. नाव बसत नाही."

हे बरोबर नाही, असं सगळ्यांनाच वाटलं. आणि हे नियमात आहे, हेही सगळ्यांनाच पटलं.

विमलबाई, संजीवनीची सासू, मागून उठून पुढे आली. "मंग घर वापस घ्या, बाप्पा," ती म्हणाली. "आम्ही कुडाच्या घरात राह्यलो होतो आधी. पुन्हा राहू."

"मावशी, घरकुल वापस घेता येत नाई," पंजाबराव हळू आवाजात म्हणाले. "तशी सोयच नाई."

संजीवनीने माइक मागितला. "माह्यं नाव राहू द्या. मागनीचा ठराव तं लिहा."

"मागणी कशाची आता?" ग्रामसेवकांनी विचारलं. त्यांचा खरंच गोंधळ झाला होता. "लाभार्थी निवडले ना आपण. निवड झाल्यावर मागणी केली तर वर विचारतील, योजना नव्हती तर निवडले कोणत्या नियमाने?"

सभा संपली. निवड एकमताने मंजूर झाली.

पंचायत समितीतून महिन्याभरात उत्तर आलं की अशी योजना नसल्याने निवडीचा विचार करता येत नाही. ते उत्तर पंजाबरावांनी गावाला सांगितलं नाही. लोकांचा उत्साह जाईल, असं ते संजीवनीला म्हणाले, आणि दुसऱ्या सभेचं विचारल्यावर, "एक विषय दोनदा कसा घ्यावा, बाई?" असंही म्हणाले. लोक मात्र तिच्या दारात येऊन विचारू लागले, योजना कधी येते. आणायचं तिनेच काढलं होतं ना. दोघीतिघींनी तर टोमणा मारला, "सोताचं नाव नाई लागलं म्हणून अडवून धरली."

ती सगळ्यांना खरं सांगायची. कोणी ऐकायचं नाही. तिचं वर्ष त्यातच सरत होतं.

एका दुपारी जयमाला आली. सभेनंतर ती संजीवनीशी बोललीच नव्हती. उंबऱ्यावर बसली, पाणी प्यायली.

"आमच्या मालकाले डॉक्टरकडं यायचंच नाई," ती म्हणाली. "मी त्यात काय करू? माह्या नंबर फुकटच जाईन."

संजीवनीने रिकामा पेला बाजूला ठेवला.

"तू घे तो नंबर. मी पंजाबमामाजीले सांगून आली. सासूले नाई सांगितलं." तिने संजीवनीचा हात धरला. "पयला नंबर हाये, बाई. तुले लवकर होईन."

योजना नाही, हे सांगायला संजीवनीने तोंड उघडलं. जयमाला तिच्याकडे इतक्या आशेने पाहत होती की डॉक्टरीणबाईंनाही धीर झाला नसता.

"हाव," संजीवनी म्हणाली. "लाव माह्या नावानं."